संख्याशास्त्रीय सल्ला, खगोलशास्त्रातील

दुर्बिणी, उपग्रह व सर्वेक्षणे यांतून मिळालेल्या मोजमापांना कोणती संख्याशास्त्रीय पद्धत लागू पडते, तिची गृहीतके त्या निरीक्षणांच्या बाबतीत खरी ठरतात का आणि उत्तराची अनिश्चितता किती मानावी, याविषयी संख्याशास्त्रज्ञांनी खगोलशास्त्रज्ञांना केलेले मार्गदर्शन या नोंदीत अभिप्रेत आहे. त्यासाठी तयार झालेल्या संगणकीय आज्ञावल्या आणि प्रशिक्षणवर्ग यांचाही त्यात समावेश होतो.

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सल्ला देणारा व घेणारा बहुधा एकच असे. टोबिआस मायर यांनी १७५० मध्ये चंद्राच्या डुलण्याविषयीची २७ समीकरणे प्रत्येकी नऊच्या तीन गटांत विभागून सोडवली. लघुतम वर्ग पद्धती (मोजलेली व गणिताने काढलेली मूल्ये यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारी रीत) प्रथम छापली ती फ्रेंच गणिती लजांद्र यांनी, १८०५ मध्ये, धूमकेतूंच्या कक्षांवरील ग्रंथात. जर्मन गणिती गाऊस यांनी मात्र १८०९ मध्ये ही पद्धत आपण १७९५ पासून वापरत असल्याचे लिहिले आणि त्यावरून वाद उद्भवला. पुढे खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्स यांनी गाऊस यांच्या बाजूने साक्ष दिली असली, तरी त्या काळातील छापील पुरावा उपलब्ध नसल्याने प्रकाशनाचा अग्रमान लजांद्र यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी यांना दिसलेला आणि नंतर सूर्याच्या प्रकाशात हरवलेला सिरीस हा बटुग्रह गाऊस यांच्या गणितामुळे वर्षअखेरीस पुन्हा सापडला; पण तो लघुतम वर्गांमुळे सापडला, हे अनेक पुस्तकांतले विधान सावधपणे घ्यावे लागते. मोजक्या निरीक्षणांवरून कक्षा ठरवण्याची रीत आणि अनेक निरीक्षणांतील त्रुटींचा मेळ घालण्याची रीत या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सिरीसच्या बाबतीत मुख्य काम पहिलीचे असावे.

विसाव्या शतकात ही दोन शास्त्रे पुष्कळ दूर गेली. अमेरिकेतील बर्कली येथे संख्याशास्त्रज्ञ नेमन आणि खगोलशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या एलिझाबेथ स्कॉट यांनी १९५० च्या दशकात दीर्घिकांच्या पुंजक्यांचे जे संख्याशास्त्रीय प्रतिमान मांडले, त्यालाच काही जण या परंपरेचा आरंभ मानतील. तथापि ते संयुक्त संशोधन होते. इतरांच्या अडचणी सोडवण्याची नियमित व्यवस्था पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात उभी राहिली. तेथे खगोलशास्त्रज्ञ एरिक फाइगेलसन व संख्याशास्त्रज्ञ जी. जोगेश बाबू यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये या विषयाची पहिली मोठी परिषद भरली आणि त्या दशकात खगोलशास्त्रज्ञांसाठी सल्ला केंद्रही चालवले गेले.

अशा सल्ल्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘वरच्या मर्यादां’चे आहे. ज्ञात वस्तूकडे दुर्बीण रोखूनही क्ष-किरण वा रेडिओ लहरी आढळल्या नाहीत, तर तेज अमुक पातळीपेक्षा कमी आहे एवढेच कळते. अशा वस्तू वगळल्या तर सरासरी फुगते. मर्यादेलाच मोजमाप मानले तरीही ती फुगतेच. रुग्णांच्या हयातीचा अभ्यास करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांनी यासारखा प्रश्न आधीच सोडवला होता, कारण अभ्यास संपताना हयात असलेल्या रुग्णाचे आयुर्मान तेवढ्या काळापेक्षा जास्त आहे एवढेच त्यांना ठाऊक असते. १९५८ ची कापलान-मायर पद्धत, दिशा उलटी करून, १९८० च्या दशकात खगोलशास्त्रात आली आणि एसर्व्ह या आज्ञावलीतून रूढ झाली. तिची अट अशी की, मर्यादा कोठे पडते याचा वस्तूच्या खऱ्या मूल्याशी संबंध नसावा. सर्व वस्तू सारख्याच वेळेपुरत्या पाहिल्या असतील तर दृश्य तेजाच्या बाबतीत ही अट धोक्यात येते, पण निरनिराळ्या अंतरांमुळे मूळ तेजस्वितेच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी पाळली जाते. जी अंधुक वस्तू सर्वेक्षणाच्या यादीतच आली नाही, तिचा प्रश्न मात्र निराळा आहे. त्यासाठी लिंडन-बेल यांची १९७१ ची पद्धत योग्य ठरते. हा भेद ओळखणे हेच सल्लागाराचे खरे काम होय.

चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण वेधशाळेच्या (१९९९) निरीक्षणांत फोटॉन (प्रकाशकण) अनेकदा इतके थोडे असतात की काय-वर्गावर (मोजलेल्या व अपेक्षित मूल्यांतील फरक तोलणाऱ्या मापावर) आधारलेले नेहमीचे गणित टिकत नाही. २००२ मध्ये प्रोटासोव्ह, व्हॅन डाइक व सहकाऱ्यांनी दाखवले की, वर्णपटात नवी रेषा आहे का हे ठरवण्यासाठी सर्रास वापरली जाणारी लाइकलीहूड गुणोत्तर कसोटी (दोन प्रतिमानांपैकी कोणते निरीक्षणांशी अधिक जुळते हे तोलणारी) तेथे मुळातच गैरलागू असते, कारण ‘रेषा नाही’ म्हणजे शून्य तीव्रता आणि शून्य हे शक्य मूल्यांच्या अगदी काठावर येते. अनेक प्रसिद्ध निष्कर्षांना लागू होणारा हा इशारा आजही पुरेसा पाळला जात नाही.

भारतात क्वासारच्या (अतिदूरच्या अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) ताम्रसृतींत (प्रकाशाच्या तांबड्याकडे सरकण्याच्या मापांत) नियमित अंतरे असल्याच्या दाव्यांना दुआरी, दासगुप्ता व जयंत नारळीकर यांनी १९९२ मध्ये संख्याशास्त्रीय कसोट्या लावल्या. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातील व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया प्रकल्पाने व्हीओस्टॅट या सेवेच्या उभारणीत भाग घेतला. खगोलशास्त्रज्ञांना घरबसल्या संख्याशास्त्रीय विश्लेषण करता यावे, हा तिचा हेतू होता. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत २००८ पासून भारतीय खगोलभौतिकी संस्था व पेनसिल्व्हेनिया स्टेट यांनी मिळून प्रशिक्षणवर्ग भरवले.