रब्बी नंतर आले, आधी माणसं जमली : प्रोग्रेसिव्ह ज्यू मंडळींच्या धर्मगुरूंची पार्श्वभूमी

ज्यू धर्मातला रब्बी म्हणजे आपल्याकडचा पुजारी किंवा चर्चमधला फादर असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाहीये. जेरुसलेमचं मंदिर होतं तोवर पुरोहित होते, इ.स. ७० मधे रोमनांनी ते पाडलं आणि पुरोहितांचं कामच संपलं. रब्बी म्हणजे शास्त्र शिकलेला माणूस, वाद आला तर निर्णय देणारा, शिकवणारा. प्रार्थनेसाठी तो लागतोच असं नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे दहा पुरुष जमले की झालं, मग ज्याला हिब्रू नीट वाचता येतं आणि ज्याचा गळा बरा आहे तो पुढे उभा राहतो, त्याला हझ्झान म्हणायचं. हे आधी सांगितलं कारण प्रोग्रेसिव्ह, म्हणजे काळाप्रमाणे रिवाज बदलणाऱ्या ज्यूंच्या, सिनेगॉगमधे (प्रार्थनागृहात) आज रब्बी आणि हझ्झान अशी पगारी जोडी दिसते, त्यात बायकाही असतात, आणि ही रचना फार जुनी असेल असं वाटतं. ती तशी अलीकडची आहे.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू मंडळींचंच बघा ना. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, त्यांच्यात रब्बी नव्हतेच. लग्नं वगैरे लावायला काजी असायचे, तेही ठराविक घराण्यांतले, झिराड, राजपूरकर, शापूरकर अशी नावं परंपरेत सांगतात. १७९६ मधे सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं (हे कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते), तरी कारभार कोणाकडे, तर मुकादम, चौगुले, गबाय म्हणजे खजिनदार, शमाश म्हणजे देखभाल करणारा, आणि हझ्झान. मला तरी यात काही कमीपणा दिसत नाही. हझ्झान बऱ्याचदा कोचीनचे किंवा बाहेरच्या देशातले असायचे आणि त्यांनीच पुष्कळ काही शिकवलं.

आता प्रोग्रेसिव्ह म्हणजे रिफॉर्म, लिबरल वगैरे ज्या शाखा आहेत त्यांची सुरुवात जर्मनीतली. १८१० मधे झेझेन या छोट्या गावात इस्रायल याकोबसन नावाच्या सावकाराने शाळेला जोडून मंदिर उघडलं आणि पाद्र्यासारखा झगा घालून जर्मन भाषेत प्रवचन त्याने स्वतःच केलं. म्हणजे सुरुवातच रब्बी नसलेल्या माणसाने केली. १८१८ मधे हँबुर्गला टेंपल निघालं, ऑर्गन आला, जर्मन प्रार्थना आल्या, आणि तिथे जे पुढे उभे राहिले त्यांना प्रवचनकार म्हणायचे. जुन्या रब्बींनी याला कडाडून विरोध केला, पुस्तिका छापल्या. पण दर आठवड्याला लोकांच्या भाषेत बोलणारा धर्मगुरू ही कल्पना इथून पक्की होत गेली. हझ्झानाचं रूपही तेव्हाच बदललं, व्हिएन्नात झालोमोन झुल्ट्सर नावाचा हझ्झान इतका गाजला की संगीतकार शुबर्टने १८२८ मधे त्याच्या सिनेगॉगसाठी ९२ वं स्तोत्र हिब्रूत संगीतबद्ध करून दिलं.

आपल्याकडे बेने इस्राएल लोकांनी १८८० च्या सुमारास बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली, तीही मला याच जातीची गोष्ट वाटते, धर्म स्वतःच्या भाषेत ऐकायची भूक. कोणी रिफॉर्म म्हटलं नाही एवढंच.

मग रब्बी तयार करायची कॉलेजं आली. बर्लिनला १८७२ मधे, अमेरिकेत सिनसिनाटीला १८७५ मधे आयझॅक मेयर वाइज यांनी हिब्रू युनियन कॉलेज काढलं आणि १८८३ मधे तिथून पहिले चार रब्बी बाहेर पडले. डिग्री, नेमणूक, पगार, लग्नं, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, असं एक पूर्ण वेळचं काम तयार झालं.

पण लंडनला परत तीच गोष्ट घडली, आधी माणसं जमली. आणि जमवणारी होती एक बाई, लिली माँटेग्यू. शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ केल्या असतील ना, त्यातला भारतमंत्री एडविन माँटेग्यू तिचा धाकटा भाऊ. वडील बँकर आणि कडक सनातनी. ही कामगार मुलींसाठी क्लब चालवायची आणि तिला दिसत होतं की या मुलींना सिनेगॉगमधलं काहीच आपलं वाटत नाही. १८९९ मधे तिने एक लेख लिहिला, क्लॉड माँटेफिओरे या विद्वानाला सोबत घेतलं आणि १९०२ मधे ज्युइश रिलिजस युनियन सुरू झाली, पहिली प्रार्थना एका हॉटेलच्या हॉलमधे. स्त्रीपुरुष एकत्र बसलेले, बरीचशी प्रार्थना इंग्रजीत. माँटेफिओरेही रब्बी नव्हता. या मंडळींचे रब्बी मॅटक अमेरिकेहून आले ते जवळजवळ दहा वर्षांनी. लिलीने १९१८ मधे सिनेगॉगमधे प्रवचन दिलं, १९२६ मधे जगभरच्या प्रोग्रेसिव्ह ज्यूंची वर्ल्ड युनियन उभी करण्यात तीच पुढे होती, आणि तिला रीतसर पद मिळालं १९४४ मधे, तेही ले मिनिस्टर म्हणजे दीक्षा नसलेली सेविका. चाळीस वर्षं काम केल्यावर!

याच काळात मुंबईची एक मुलगी लंडनला डॉक्टरी शिकत होती, जेरुशा झिराड. जन्म शिमोग्याचा, आडनाव वर सांगितलेल्या काजी घराण्याचंच, अलिबागजवळच्या झिराड गावावरून पडलेलं. १९१९ मधे तिने लंडनची एमडी मिळवली, स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्रात. लंडनमधेच तिची लिली माँटेग्यूच्या मंडळींशी ओळख झाली आणि परत आल्यावर १९२५ मधे मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू झाली, पुढाकार डॉ. झिराडांचा. हीच मंडळी पुढे भायखळ्याचं रोदेफ शालोम सिनेगॉग. म्हणजे १९२६ ची वर्ल्ड युनियन व्हायच्या एक वर्ष आधी मुंबईत प्रोग्रेसिव्ह मंडळी उभी होती, हे आपल्याकडे कोणाला माहीत असतं? बाई तेव्हा डॉक्टर म्हणून काम करत होत्या, नंतर १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटल सांभाळलं, १९६६ मधे पद्मश्री मिळाली.

दीक्षा घेतलेला रब्बीही मुंबईला मिळाला, त्याची कथा वेगळीच. ह्यूगो ग्रिन, जन्म १९३० चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातला, चौदाव्या वर्षी नाझींच्या ऑश्वित्झ छावणीत नेलेला. वाचला, ब्रिटनमधे आला, सिनसिनाटीला शिकून १९५७ मधे रब्बी झाला आणि पहिलीच नेमणूक मुंबई, १९६० पर्यंत. पुढे लंडनच्या वेस्ट लंडन सिनेगॉगचा रब्बी आणि बीबीसी रेडिओवरचा ओळखीचा आवाज.

ग्रिन गेल्यावर दोनच वर्षांनी, १९६२ मधे, इस्रायलच्या मुख्य रब्बींनी फतवा काढला की बेने इस्राएल माणसाचं बाहेरच्या ज्यूशी लग्न लावायच्या आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. कोकणातून इस्रायलला गेलेल्या माणसांनी जेरुसलेममधे धरणं धरलं आणि १९६४ मधे संसदेला मधे पडावं लागलं. धर्मगुरू कोण आणि त्याच्या हातात किती सत्ता, हा प्रश्न या लोकांसाठी पुस्तकी नव्हता, अजिबात नव्हता.

राहता राहिला बायकांचा मुद्दा. बर्लिनच्या त्या १८७२ च्या कॉलेजात रेगिना योनास शिकली, बाई रब्बी होऊ शकते का यावरच तिने प्रबंध लिहिला, शास्त्राचे आधार देऊन, आणि उत्तर दिलं हो. कॉलेजने दीक्षा दिली नाही. शेवटी डिसेंबर १९३५ मधे रब्बी मॅक्स डीनेमान यांनी खाजगीत दिली. ती नाझींच्या राज्यात म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना धीर देत फिरली, तेरेझिनच्या छावणीतही व्याख्यानं दिली आणि १९४४ मधे ऑश्वित्झला मारली गेली. नंतर जवळजवळ पन्नास वर्षं तिचं नाव कोणी घेत नव्हतं, तिला ओळखणारे काही मोठे लोक जिवंत असूनसुद्धा, बर्लिनची भिंत पडल्यावर तिचे कागद सापडले तेव्हा बोलणं सुरू झालं. मला हे अजून समजत नाही, समजून घ्यायची इच्छाही होत नाही.

त्यामुळे १९७२ मधे सिनसिनाटीला सॅली प्रिसँड रब्बी झाली तेव्हा बहुतेकांना वाटलं जगातली पहिलीच. १९७५ मधे त्याच कॉलेजने पहिली स्त्री हझ्झान बाहेर काढली, बार्बरा ऑस्टफेल्ड, आणि त्याच वर्षी लंडनला जॅकलिन टॅबिक ब्रिटनची पहिली स्त्री रब्बी झाली. लिली माँटेग्यू १९६३ मधेच गेली होती. डॉ. झिराड मात्र होत्या, प्रिसँडच्या दीक्षेच्या दिवशी ऐंशी ओलांडलेल्या.