इवाइची फुजिवारा

इवाइची फुजिवारा (१९०८–१९८६) हा जपानी लष्कराचा स्टाफ ऑफिसर. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण आझाद हिंद सेनेची सुरुवात शोधत मागे गेलात तर नेताजी सिंगापूरला यायच्या दीडएक वर्ष आधी हा मेजर भेटतो.

१९४१ च्या शरदात टोकियोने त्याला बँकॉकला पाठवलं. सोबत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, हिंदीचा गंध नाही, आणि काम काय तर ब्रिटिश फौजेतले भारतीय सैनिक फोडायचे. या टीमचं नाव एफ किकान, किकान म्हणजे यंत्रणा, आणि एफ म्हणजे फुजिवारा, फ्रीडम आणि फ्रेंडशिप असं तो सांगायचा. बँकॉकमध्ये ग्यानी प्रीतम सिंग या भारतीय स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या शीख धर्मप्रचारकाशी त्याचं जमलं. डिसेंबरमध्ये मलायात जपानी घुसले आणि अलोर स्टारजवळ पंजाब रेजिमेंटची वाट चुकलेली तुकडी हाती लागली, त्यातच कॅप्टन मोहन सिंग होते, पुढे पहिल्या आझाद हिंद सेनेचे प्रमुख झाले ते.

मग ते प्रसिद्ध जेवण. फुजिवारा कैद्यांसोबत बसून भारतीय जेवण हाताने जेवला, बस एवढंच, पण मोहन सिंग चाट पडले, कारण इतकी वर्षं एकत्र नोकरी करूनही गोरे ऑफिसर जवानांच्या पंगतीला कधी बसले नव्हते. माझ्या मते पत्रकांपेक्षा या एका पंगतीनेच जास्त काम केलं.

१७ फेब्रुवारी १९४२, सिंगापूरचं फॅरर पार्क. समोर साधारण ४५ हजार भारतीय युद्धकैदी, फुजिवारा जपानीत बोलतोय, त्याचं इंग्रजी होतंय आणि मग हिंदुस्तानी. तुम्हाला शत्रू नाही, मित्र मानू, असा शब्द त्याने दिला. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता असंच वाटतं, पण शब्द मेजरचा आणि धोरण टोकियोचं, तिथेच घोळ. थोड्याच महिन्यांत त्याला बाजूला करून कर्नल इवाकुरो आले, आणि डिसेंबर १९४२ मध्ये जपान्यांनी मोहन सिंगांनाच अटक केली.

१९४४ मध्ये तो जपानच्या १५ व्या आर्मीच्या स्टाफवर, तिचे सेनापती मुतागुची यांच्या हाताखाली, ब्रह्मदेशातून भारतावर काढलेल्या इंफाळच्या मोहिमेत होता. रसद पोचली नाही, पावसाने रस्ते वाहून गेले, उपासमार आणि रोगराईने फौज संपली.

युद्ध संपल्यावर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यासाठी बचाव पक्षाने मागितलेल्या जपानी लोकांमध्ये त्यालाही दिल्लीला आणलं, म्हणजे ज्या शहरावर कूच करायची घोषणा होती तिथे तो पोचला खरा, पण ब्रिटिशांच्या पहाऱ्यात. तिथून सिंगापूरला तुरुंग आणि चौकशा, १९४७ मध्ये सुटका. पुढे १९५० च्या दशकात जपानच्या नव्या सेल्फ डिफेन्स फोर्समध्ये भरती होऊन गुप्तवार्ता शिकवणाऱ्या शाळेचा प्रमुख झाला आणि शेवटी लेफ्टनंट जनरल म्हणून रिटायर झाला. आठवणींचं पुस्तकही लिहिलं, नाव तेच, एफ किकान.