प्राथमिक शाळेचं खो-खो मैदान : काम देण्याआधी हे वाचा

शाळांची पहिली मागणी असते, ‘स्पर्धेच्या मापाचंच आखा.’ ते माप 27 बाय 16 मीटर, खांबांमध्ये 24 मीटर. पाठलाग करणाऱ्याला खांब फिरल्याशिवाय किंवा खो दिल्याशिवाय दिशा बदलता येत नाही. तिसरीतलं पोर एवढं अंतर दोनदा धावलं की थकतं आणि खो द्यायचंच विसरतं. म्हणून तिसरी-चौथीसाठी आम्ही खेळाडूंनी बसायच्या आठऐवजी सहा चौकोनांचं, 18 बाय 12 मीटरचं मैदान सुचवतो. बाहेर चारी बाजूंनी दीड मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे एकूण 21 बाय 15.

जानेवारी 2025च्या दिल्लीतल्या विश्वचषकानंतर मॅटची चौकशी वाढली आहे. उघड्या पटांगणात मॅट घेऊ नका. ऊन-पावसानं सांधे उचकटतात आणि पाय नेमका तिथेच अडकतो. चाळलेली माती बरी. 10 सेंमी थराला हिशेबानं 11 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागते, पण रोलरखाली ती बसते, तेव्हा 13 ते 14 ब्रास धरा. खडे वेचायचं काम मुलांवर टाकू नका, माती चाळूनच पसरा.

खांब. जमिनीवर 120 सेंमी, व्यास साडेनऊ सेंमी, डोकं गोल घासलेलं. खांब थेट काँक्रीटमध्ये पुरला तर जमिनीलगत पाणी मुरतं आणि लाकूड नेमकं तिथेच कुजतं, वरून ठणठणीत दिसत असतानाच. आम्ही 4 इंची जीआय पाइपाचं 60 सेंमीचं म्यान बसवतो. तळ उघडा, खाली 10 सेंमी खडी, म्हणजे पाणी निघून जातं. खांब पाचरीनं घट्ट करायचा आणि खेळ झाला की काढून झाकण लावायचं. मधल्या सुट्टीत उभा खांब म्हणजे कपाळमोक्ष. म्यानाची कड जमिनीच्या वर राहू देऊ नका, अंगठे फुटतात. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा, तोवर खांब घालू नका.

आखणी. दोन्ही खांबांच्या आतल्या कडांमध्ये बरोबर 15 मीटर. टेप एका खांबाला धरून शेवटपर्यंत ताणा आणि त्याच ताणात खुणा करा : 1.95, 2.30, 4.10, 4.45, 6.25, 6.60, 8.40, 8.75, 10.55, 10.90, 12.70, 13.05. प्रत्येक जोडी म्हणजे 35 सेंमीची आडवी पाटी. तुकड्या-तुकड्यानं मोजलं तर दरवेळी बोटभर चूक साठते आणि शेवटचा चौकोन खांबाकडे सरकतो. खांबापासून खांबापर्यंतची मध्यपाटी 30 सेंमी रुंद, तिच्या दोन्ही बाजूंना 5.85 मीटर.

काटकोनासाठी सुतळीवर 3, 4 आणि 5 मीटरचा त्रिकोण करा. शेवटी 18 बाय 12च्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 21 मीटर 63 सेंमी आले पाहिजेत. एक कमी, एक जास्त आला तर चौकट तिरकी झाली आहे. फक्की मारण्याआधी दुरुस्त करा, नंतर पुसत बसाल.

सगळ्या रेषा मिळून सुमारे 260 मीटर भरतात. फक्की चुनखडीच्या पावडरचीच घ्या. कळीचा चुना डोळ्यात गेला तर इजा करतो, तो शाळेत नकोच. वारा असेल तर आधी पाणी शिंपडा.

पहिली आखणी आमची माणसं करतील. पुढची चौथीच्या वर्गाकडून करून घ्या, टेप आणि सुतळी आम्ही ठेवून जातो. मीटर-सेंमीचा धडा तिथेच होतो.

खांबाचा आणखी एक उपयोग. 22 डिसेंबरच्या आसपास पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास त्याची सर्वांत आखूड सावली साधारण 108 सेंमी भरते, 21 मार्चला जेमतेम 40. सावलीचं टोक दर दहा मिनिटांनी खडूनं टिपायला सांगा. या दोन्ही दिवशी सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते. मात्र खांब ओळंब्यात उभा हवा. पाचर एका बाजूनं जास्त ठोकली की तो कलतो, म्हणून प्रयोगाआधी ओळंबा लावून बघा.