आजोबा-पणजोबांना क्षमा आहे का?

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त असते. बॉम जेझू चर्चच्या दारी ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही तितक्याच श्रद्धेने हात जोडतात. सोळाव्या शतकातल्या ज्या धर्मप्रसारकाला सारे नमस्कार करतात, त्याला मात्र एका प्रश्नाने रडवेले केले होते: ख्रिस्ताचे नावही न ऐकता मेलेल्यांचे काय?

जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून लिहिलेल्या पत्रात तो जपानची हकीकत सांगतो. तिथले नवख्रिस्ती मेलेल्या आईबापांसाठी रडत. प्रार्थनेने, दानधर्माने त्यांची नरकातून सुटका होईल का, असे विचारत. उपाय नाही, हेच उत्तर त्याला द्यावे लागे आणि जिवलगांचे ते दुःख पाहून स्वतःचे अश्रू आवरत नसत.

हे उत्तर त्याला परंपरेने दिले होते. विश्वास न धरणारा दोषी ठरेल, असे मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटी आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, चर्चबाहेर तारण (मुक्ती) नाही. त्याचा रोख फुटून निघालेल्या ख्रिस्ती लोकांवर होता, हे पुढे विसरले गेले. १४४२ मध्ये चर्चच्या फ्लॉरेन्स येथील परिषदेने तेच वाक्य मूर्तिपूजक आणि यहुदी यांनाही स्पष्ट शब्दांत लावले.

पण शास्त्रात दुसराही धागा होता, आणि मला तोच अधिक खोल वाटतो. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, मी अविश्वासात, अज्ञानाने वागलो, म्हणून माझ्यावर दया झाली. येशूने क्षमा नाकारली ती एकाच पापाला, पवित्र आत्म्याच्या निंदेला. चर्चचा प्राचीन विचारवंत ऑगस्टीन याने तिचा अर्थ लावला: शेवटच्या श्वासापर्यंत पश्चात्ताप नाकारणे. म्हणजे अविश्वासालाही क्षमा आहे. दार आतून लावून घेणारा माणूसच बाहेर राहतो.

गोव्यात हा वाद पुस्तकी नव्हता. सोळाव्या शतकात कुटुंबे दुभंगली. काही देव घेऊन नदीपलीकडे गेली, काहींनी बाप्तिस्मा घेतला. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेपासून ढळणाऱ्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, आले. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकले. बाप्तिस्म्यानंतर जुन्या चालीरीती पाळणाऱ्यांवर त्याची विशेष नजर असे. त्याच काळात इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली तारणाची कथा मराठी ओवीत सांगितली. एकाच घराण्याचे दोन भाग झाल्यावर न बाटलेल्या आजोबांचे काय, हा प्रश्न जपानइतकाच इथलाही होता. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीत देवीच्या छत्रोत्सवात आजही ख्रिस्ती घराणी सहभागी होतात, ती त्याच नात्याने.

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका नास्तिक इटालियन पत्रकाराला लिहिले की, श्रद्धा नसलेल्याचेही पाप घडते ते विवेकाविरुद्ध जाण्यात. आईबापांसाठी रडणाऱ्याला झेवियरने दिलेले उत्तर आज पाद्रीला द्यावे लागत नाही.