रस्ता सगळ्यांचा, गाडी एकाची: गल्लीतल्या पार्किंगच्या वादाची पार्श्वभूमी

गल्लीतल्या पार्किंगचं भांडण बहुतेक वेळा एकाच वाक्यावर येऊन अडतं. ‘रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का?’ असं एक जण विचारतो आणि ‘मग तुमच्या तरी आहे का?’ असं दुसरा. कायद्याच्या दृष्टीने दोघंही बरोबर असतात, म्हणूनच वाद मिटत नाही. घरासमोरचा सार्वजनिक रस्ता घरमालकाचा नसतो, तसा तो गाडीवाल्याचाही नसतो. मग तिथे रात्रभर गाडी उभी करण्याचा हक्क आला कुठून? हा हक्क कुणी विचारपूर्वक दिलेलाच नाही. तो हळूहळू, कुणाच्या फारसं लक्षात न येता, अंगवळणी पडला. शेजाऱ्याचा आडमुठेपणा खराच असतो, पण त्याला ज्या मोकळिकीचा आधार मिळतो ती जेमतेम शंभर वर्षांची आहे.

त्याआधी हजारो वर्षं नियम उलटा होता. इसवीसनपूर्व ७०० च्या सुमारास असीरियाचा राजा सेन्नाखेरिब याने निनेवे शहरात रुंद राजमार्ग काढला आणि त्याच्या कडेने शिलालेख उभे केले. घराचा पाया या रस्त्यावर आणणाऱ्याला त्याच्याच घरावर सुळी देण्यात येईल, असा त्यावरचा इशारा होता. शिक्षा भयंकर होती, पण रस्त्यावर अतिक्रमण करण्याची माणसाची ओढ किती जुनी आहे, हेही त्यातून कळतं. रोममध्ये ज्युलियस सीझरच्या काळच्या कायद्याने दिवसाचा बराचसा वेळ मालवाहू गाड्यांना शहरात बंदी होती. देवळांचं बांधकाम, कचरा वाहून नेणं अशा मोजक्या कामांनाच सूट. गल्ल्या अरुंद होत्या आणि चालणाऱ्यांना वाट हवी होती.

पार्किंगच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो १८१२ मधला इंग्लंडचा एक खटला. लंडनमध्ये चेअरिंग क्रॉसजवळ प्रवासी घोडागाड्या गिऱ्हाइकाची वाट पाहत रस्त्यातच उभ्या राहत, बाकीच्यांची अडचण होई. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी निकाल दिला की राजाच्या हमरस्त्याचा कुणालाही तबेला करता येणार नाही. रस्ता जाण्या-येण्यासाठी असतो. माणसं उतरवायला, सामान चढवायला थोडा वेळ थांबणं त्यात येतं, पण वाहन ठेवण्याची जागा म्हणून रस्ता वापरणं हा उपद्रव ठरतो. हे तत्त्व त्या काळच्या व्यवहाराला धरूनच होतं. घोड्याला दाणापाणी लागतं, छप्पर लागतं, त्याला रात्रभर दारात सोडून झोपता येत नाही. ज्याच्याकडे घोडागाडी, त्याच्याकडे तबेला, किंवा निदान भाड्याच्या तबेल्यात जागा. लंडनच्या श्रीमंत वस्त्यांत हवेल्यांच्या मागे खास तबेल्यांच्या गल्ल्या बांधलेल्या होत्या. वाहन ठेवायचं कुठे, हा प्रश्न सर्वस्वी मालकाचा होता आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नव्हता.

मोटारगाडी आली तेव्हाही सुरुवातीला हेच चालू राहिलं. गाड्या वरून उघड्या, बैठका चामड्याच्या. रंग पावसापाण्याला न टिकणारा आणि पुन्हा द्यायचा तर वाळायला आठवडे लागणारा. हिवाळ्यात रेडिएटरमधलं पाणी गोठे, आणि सकाळी हँडल मारून इंजिन चालू करताना मनगट मोडायची भीती. अशी गाडी कोण रस्त्यावर सोडील? ती गॅरेजमध्येच ठेवावी लागे, आणि शहरांतले अनेक जुने तबेले गॅरेज झाले.

मग पंधरा-सोळा वर्षांत चार गोष्टी बदलल्या. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. १९२४ पासून झटपट वाळणारे, टिकाऊ रंग गाड्यांवर चढू लागले. १९२७ मध्ये ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी गोठू न देणारं द्रव्य, बाजारात आलं. आणि अमेरिकेत बंद टपाच्या गाड्यांचं प्रमाण १९१९ मध्ये विक्रीच्या सुमारे १० टक्के होतं, ते १९२७ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेलं. यातला कुठलाही शोध लावताना कुणी गल्लीतल्या शेजाऱ्याचा विचार केला नव्हता. पण सगळ्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की गाडीला छपराची गरज उरली नाही. ती बाहेर पावसात, थंडीत रात्र काढू शकत होती. त्याच काळात फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने, १९०८ ते १९२७ या वर्षांत, दीड कोटींचा आकडा गाठला. आता गाडी घेणारा माणूस तबेल्याच्या ऐपतीचा असण्याचं कारण नव्हतं. त्याच्याकडे जागा नव्हती आणि गाडीला जागा लागतही नव्हती. त्याने ती दारासमोर उभी केली.

सगळ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं. वाहन ठेवण्याचा मालकाचा खर्च रस्त्यावर, म्हणजे सगळ्यांवर, ढकलला गेला आणि या बदलावर कुणी मत मागितलं नाही. ब्रिटनमध्ये बराच काळ रात्री रस्त्यावर उभ्या गाडीला दिवा लावून ठेवावा लागे. हळूहळू तोही नियम सैलावला. एलनबरोंचं तत्त्व कुणी रीतसर रद्द केलं नाही, ते फक्त वापरातून गेलं.

सरकारांचं लक्ष आधी गेलं ते बाजारपेठांकडे. १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे पैसे टाकून ठरावीक वेळ गाडी लावू देणारं यंत्र, बसलं. कार्ल मॅगी या गृहस्थांची ती कल्पना. दिवसभर दुकानांसमोर गाड्या अडकून पडू नयेत, हा हेतू. लंडनमध्ये मीटर यायला १९५८ उजाडलं. मीटरने बाजाराचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला, कारण तिथला झगडा वेळेचा होता. राहत्या गल्लीत तसं नसतं. तिथे संध्याकाळी सगळेच घरी येतात, सगळ्यांनाच सकाळपर्यंत गाडी ठेवायची असते आणि समोरचा माणूस गिऱ्हाईक नसतो. त्याचं तोंड रोज पाहायचं असतं.

राहत्या वस्तीसाठी जे उपाय निघाले त्यांत दोन वाटा ठळक दिसतात. एक, इमारत बांधणाऱ्यावर जबाबदारी टाकायची. अमेरिकेतल्या कोलंबस शहराने १९२३ मध्ये बहुमजली निवासी इमारतींना गाड्यांसाठी जागा ठेवणं सक्तीचं केलं आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. पण नियम नव्या बांधकामालाच लागू पडतो. जुनी गल्ली आहे तशीच राहते. दुसरी वाट जपानची, आणि मला ती फार मोलाची वाटते. तिथे १९६२ च्या कायद्याने जबाबदारी पुन्हा गाडीच्या मालकावर ठेवली. गाडीची नोंदणी करायची तर आधी ती ठेवायला रस्त्याबाहेरची जागा आहे, हे दाखवावं लागतं. ही जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. सुरुवातीला तर पाचशे मीटरची अट होती. अर्जासोबत जागेचा नकाशा जोडायचा आणि पोलिसांकडून दाखला घ्यायचा. शिवाय रात्री आठ तास किंवा त्याहून जास्त वेळ रस्त्यावर एकाच जागी गाडी ठेवायला मनाई आहे. लहान गाड्यांना आणि काही भागांना सवलती आहेत, तरी मूळ विचार स्पष्ट आहे: ठेवायला जागा असेल तर गाडी घ्या. त्यामुळेच जपानी शहरांतल्या अतिशय अरुंद गल्ल्यांतूनही वाट मोकळी राहते. गल्लीत राहायचं म्हणजे पार्किंगवरून वाद अटळच, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

बाकी बऱ्याच शहरांनी रहिवासी परवान्यांची मधली वाट धरली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन परगण्यात बाहेरून कामावर येणारे लोक शेजारच्या वस्तीत गाड्या लावून जात. त्यांना रोखण्यासाठी केवळ रहिवाशांना परवाने देण्यात आले. त्याला आव्हान मिळालं आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्यांच्या बाजूने कौल दिला. बाहेरच्यांचा त्रास त्याने कमी होतो, शेजाऱ्याचा होत नाही. परवाना दोघांकडेही असतो, आणि तो गल्लीत गाडी लावण्याची मुभा देतो, ठरावीक जागा नव्हे.

आता गल्लीची मापं बघू, कारण भांडणातला अर्धा राग सेंटीमीटरचा असतो. इंग्लंडमध्ये १८७७ च्या नमुना उपविधींनुसार वाहनांच्या नव्या रस्त्याला किमान ३६ फूट रुंदी लागे. घरांना हवा-उजेड मिळावा, हा त्यामागचा मुख्य विचार. उभ्या मोटारींचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडचे पदपथ वजा केले की वाहनांना उरतात साधारण २४ फूट, म्हणजे ७.३ मीटर. १९५९ ची मूळ ‘मिनी’ १.४१ मीटर रुंद होती. अशा दोन गाड्या समोरासमोर लावल्या तरी मध्ये साडेचार मीटरच्या आसपास वाट राहते. युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी २०२३ मध्ये १.८ मीटरच्या वर गेली होती, आणि ती दर दोन वर्षांनी सुमारे एक सेंटीमीटरने वाढते आहे. आरसे धरले तर गाडी दोन मीटरची होते. दोन्ही बाजूंना अशा गाड्या लागल्या की उरतात ३.३ मीटर, आणि गाडी कडेला नीट चिकटवली नसेल तर तीनच. अग्निशमन दलाच्या गाडीसाठी इंग्लंडच्या बांधकाम मार्गदर्शिकेत ३.७ मीटर रुंदी धरलेली आहे. म्हणजे कुणीही काही गैर केलेलं नसताना, सगळ्यांनी सरळ रेषेत गाड्या लावलेल्या असतानाही बंब अडकू शकतो. मग एकाने वीतभर बाहेर लावली, तर पुढचं सांगायला नकोच.

फाटकाचंही तसंच. गाडी फाटकाच्या पुढ्यात नसली, समोरच्या बाजूला असली, तरी अरुंद गल्लीत बाहेर पडता येत नाही, कारण रिव्हर्स घेताना गाडीचं नाक वळायला जागा लागते. लावणारा म्हणतो, ‘मी तुमच्या फाटकासमोर लावलेलीच नाही.’ तो खोटं बोलत नसतो. त्याने फक्त सुटणारी गाडी वळते कशी, हे पाहिलेलं नसतं. जर्मनीच्या वाहतूक नियमांत याची दखल आहे: रस्ता अरुंद असेल तर वाहनांच्या प्रवेशमार्गाच्या समोरच्या बाजूलाही पार्किंग करता येत नाही. तिथल्या न्यायालयांनी उभ्या गाडीशेजारी ३.०५ मीटर वाट मोकळी राहिली पाहिजे असंही मानलं आहे. सर्वांत रुंद वाहन २.५५ मीटरचं आणि वर अर्ध्या मीटरची सोय.

वाट अपुरी पडली की चांगल्या मनाचा माणूस काय करतो? दोन चाकं पदपथावर चढवतो. हेतू शेजाऱ्याची गाडी निघावी हाच असतो, पण किंमत मोजतात ते चाकांच्या खुर्चीवरचे, बाबागाडी ढकलणारे आणि काठी टेकत चालणारे. लंडनमध्ये १९७४ च्या कायद्याने पदपथावरच्या पार्किंगला सर्वसाधारण बंदी आणली. स्कॉटलंडमध्ये २०१९ च्या कायद्यातली तशीच बंदी डिसेंबर २०२३ पासून अमलात आणता येऊ लागली. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट शहरात साठच्या दशकाच्या अखेरीस वेगळाच प्रयोग झाला. राहत्या गल्लीत चालणाऱ्यांना आणि खेळणाऱ्या मुलांना प्राधान्य, गाडी चालीच्या वेगाने, आणि पार्किंग फक्त खूण केलेल्या जागेत. १९७६ मध्ये त्याला कायद्याचं रूप मिळालं. खूण नाही तिथे गाडी नाही, इतकं स्वच्छ सांगितलं की बरेचसे वाद उभेच राहत नाहीत.

एवढं सगळं होऊनही ‘माझ्या दारासमोरची जागा माझी’ ही भावना कुठल्याच कायद्याने पुसलेली नाही. तिची मुळं कष्टात असतात. जानेवारी १९६७ मध्ये शिकागोत एका हिमवादळात २३ इंच बर्फ पडलं. तासन्‌तास फावडं मारून काढलेली जागा दुसऱ्याने घेऊ नये म्हणून अशा वेळी लोक तिथे खुर्च्या मांडून ठेवतात आणि ही प्रथा त्या शहरात अजून टिकून आहे. कायद्यात तिला आधार नाही, पण तिला नुसता दांडगेपणा म्हणणं मला पटत नाही. दारासमोर कुंडी किंवा दगड ठेवणाऱ्याला तसंच काहीसं वाटत असतं: इथली झाडलोट मी करतो, मग ही जागा थोडी तरी माझी.

शेजाऱ्याशी वागायचं कसं, याचा पद्धतशीर अभ्यास झाला तो गाड्यांवर नाही, गुरांवर. अमेरिकी कायदेतज्ज्ञ रॉबर्ट एलिक्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या शास्ता परगण्यात भटक्या गुरांवरून शेजाऱ्यांत होणारे तंटे तपासले. त्यांना दिसलं की कायदा काय म्हणतो हे लोकांना नीट ठाऊकही नव्हतं आणि त्यावाचून अडतही नव्हतं. शेजारी मनातल्या मनात देण्याघेण्याचा हिशेब ठेवत, लहानसहान नुकसान सोसत, आधी स्वतः जाऊन बोलत. त्याने भागलं नाही तर गावात बोभाटा करत. सरकारी तक्रार अगदी शेवटी, आणि वकील त्याहून क्वचित. याच धर्तीवरचा प्रयोग त्या अभ्यासाच्या आधीच झाला होता: १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शेजाऱ्यांच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थी मंडळं सुरू झाली. तिथे निवाडा करायला न्यायाधीश नसतो. वस्तीतलेच प्रशिक्षित लोक दोघांना समोरासमोर बसवून बोलतं करतात.

म्हणून गल्लीतल्या तक्रारीचे दोन भाग करावेत. फाटक अडलं, वळण अडलं, बंबाची वाट अडली, तर कायदा बहुतेक ठिकाणी स्पष्ट आहे. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते-वाहतूक करारातही मालमत्तेच्या वाहन-प्रवेशासमोर पार्किंगला मनाई आहे. अशा वेळी फोटो काढावा, टेप लावून उरलेली रुंदी मोजावी आणि संबंधित यंत्रणेकडे तक्रार करावी. त्यात भिडेचं कारण नाही. पण एका गाडीने दोन जागा खाल्ल्या, पाहुण्यांची गाडी चार दिवस तुमच्या दारासमोर राहिली, एकाच घरातली तिसरी गाडी गल्लीत आली, तर बऱ्याच ठिकाणी कायदा गप्प असतो आणि हमरीतुमरीने काही हाती लागत नाही. तिथे ठरवायच्या गोष्टी बारीक असतात: कुठल्या बाजूला गाड्या लावायच्या, कडेपासून किती अंतरावर, काचेमागे फोन नंबर ठेवायचा का, वर्षातून दोनदा हलणारी गाडी कुठे न्यायची, आणि ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यासमोर रुग्णवाहिकेपुरती जागा सोडायची की नाही.