आयोवा बार्नस्टॉर्मर्स

आयोवा बार्नस्टॉर्मर्स ही अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी डे मॉइन इथली प्रोफेशनल इनडोअर फुटबॉल टीम. १९९५ मध्ये एरीना फुटबॉल लीगमधून सुरुवात केली, आता इनडोअर फुटबॉल लीगमध्ये खेळते. मधल्या काळात मूळ टीम विकून न्यूयॉर्कला नेली, मग त्याच नावाची दुसरी आली ती एका सीझनमध्ये थांबली, मग तिसऱ्यांदा नाव उभं राहिलं, त्यामुळे कागदोपत्री बघितलं तर ही एक टीम नाहीच, पण गावाला विचाराल तर एकच आहे आणि माझ्या मते गावाचंच बरोबर. बाकी जगाला हे नाव माहीत आहे ते कर्ट वॉर्नर या एका खेळाडूमुळे.

आधी खेळाबद्दल, कारण अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाल्यांची धडकाधडकी एवढंच आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं आणि त्याचा हा छताखालचा प्रकार तर त्याहून वेगळा. नेहमीचं मैदान १०० यार्डांचं, इथे फक्त ५०, रुंदी ८५ फूट, म्हणजे साधारण आइस हॉकीच्या रिंकमध्ये मावेल एवढं. टीमचे ११ च्या ऐवजी ८ जण मैदानात. बाउंड्रीला रेघ नाही तर फोम लावलेली बुटकी भिंत, आणि धावणारा खेळाडू त्या भिंतीवरून थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या मांडीत जाऊन पडतो हे अगदी नेहमीचं. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना उंच जाळी ताणलेली असते, तिला लागून परत आलेला बॉल चालूच, कुणीही पकडा आणि पळा. आपल्याकडे टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतात तसाच जागेच्या टंचाईतून आलेला हा प्रकार म्हणा ना. पंट म्हणजे बॉल लांब लाथाडून समोरच्या टीमला देणं, त्याला बंदी, त्यामुळे बॉल हातात आला की स्कोअर करायलाच बघायचं, म्हणून एका मॅचमध्ये एकेका टीमचे ४०-५०-६० पॉइंट सहज होतात. शिवाय जुन्या नियमात क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), किकर असे मोजके सोडले तर बहुतेकांनी अटॅकही करायचा आणि डिफेन्सही, त्याला आयर्नमॅन फुटबॉल म्हणायचे. दमून जायची माणसं.

ही कल्पना जिम फॉस्टर यांची. फेब्रुवारी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ते इनडोअर सॉकरची ऑल-स्टार मॅच बघत होते, तिथे बसल्या बसल्या एका पाकिटावर त्यांनी मैदानाचं चित्र काढलं. मग १९८६ ला इलिनॉयच्या रॉकफर्डमध्ये ट्रायल मॅच, १९८७ ला चार टीमची लीग (शिकागो, डेन्व्हर, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन), आणि १९९० मध्ये तर फॉस्टरना या खेळाचं चक्क पेटंट मिळालं, त्या जाळ्यांसकट. खेळाचं पेटंट! फॉस्टर मूळचे आयोवाचेच, त्यामुळे १९९५ मध्ये लीग डे मॉइनला आली तेव्हा टीम उभी करण्यात तेच पुढे होते. कोच म्हणून जॉन ग्रेगरी आले, त्यांनी कॅनडात सॅस्कॅचवन रफरायडर्सना १९८९ चा ग्रे कप, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगचं विजेतेपद, जिंकून दिला होता.

आयोवा म्हणजे मका, डुकरं आणि कॉलेज फुटबॉल. मोठ्या लीगची एकही टीम या राज्यात नाही, त्यामुळे लोक आपल्या हक्काच्या टीमची वाटच बघत होते असं म्हटलं तर चूक नाही. नाव घेतलं १९२० च्या दशकातल्या भटक्या स्टंट पायलटांवरून, जे गावोगावच्या जत्रांमध्ये विमानाच्या कसरती करायचे, आणि हेल्मेटवर त्या पायलटांचे गॉगल रंगवले. आजही इनडोअर फुटबॉलमधलं हे सगळ्यात देखणं हेल्मेट आहे, यावर वाद घालायला मी तयार आहे. मॅच व्हायच्या व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये, १९५५ चं हे सभागृह, साधारण ११ हजार माणसं बसतील एवढं, आणि वर्षानुवर्षं तिथे मुलींच्या हायस्कूल बास्केटबॉलची राज्य स्पर्धा भरायची. बार्नस्टॉर्मर्स आल्यावर लोक त्याला नुसतं ‘द बार्न’ म्हणायला लागले. बंद छत, जवळ बसलेली माणसं, आवाज असा घुमायचा की समोरच्या क्वार्टरबॅकला स्वतःच्याच टीमला काय सांगायचं ते ओरडून सांगावं लागायचं.

आता वॉर्नर. नॉर्दर्न आयोवा युनिव्हर्सिटीत चार वर्षं बेंचवर, शेवटच्या वर्षी स्टार्टर. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग, तिच्या १९९४ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधले खेळाडू टीम निवडतात तो कार्यक्रम) कुणी घेतलं नाही, तिथल्याच ग्रीन बे पॅकर्सच्या कॅम्पला गेला तर तिथे ब्रेट फाव्ह्‌रसारखी माणसं आधीच रांगेत, सीझन सुरू व्हायच्या आतच घरी पाठवलं. मग सीडर फॉल्समध्ये हाय-व्ही नावाच्या किराणा सुपरमार्केटात रात्रपाळीला रॅकवर माल लावायचं काम, तासाला साडेपाच डॉलर. तिथून १९९५ ला तो बार्नस्टॉर्मर्समध्ये आला. १९९६ आणि १९९७ दोन्ही वर्षी लीगच्या ऑल-एरीना फर्स्ट टीममध्ये त्याचं नाव होतं आणि दोन्ही वर्षी टीम फायनलला म्हणजे एरीनाबोलला पोचली. १९९६ ची फायनल घरच्याच हॉलमध्ये, समोर कोच टिम मार्कम यांची टँपा बे स्टॉर्म, आणि हरले ४२-३८ ने. चार पॉइंट! पुढच्या वर्षी फिनिक्सला ॲरिझोना रॅटलर्सकडून ५५-३३, तिथे मात्र फारसं काही बोलायला जागा नव्हती. त्यानंतर वॉर्नरला एनएफएलमधल्या शिकागो बेअर्सची ट्रायल मिळाली होती, पण हनिमूनला गेलेला असताना नेमका थ्रो करायच्या हाताच्या कोपराला किडा चावला, कोळी असावा असं म्हणतात, हात सुजला आणि ट्रायल गेली.

मग एनएफएलच्याच सेंट लुईस रॅम्सनी घेतलं, १९९८ ला ॲमस्टरडॅमला युरोपच्या लीगमध्ये खेळायला पाठवलं, १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलँड ब्राउन्ससाठी एक्स्पान्शन ड्राफ्ट (नव्या टीमनं बाकीच्यांचे खेळाडू उचलायचे) झाला तेव्हा रॅम्सनी त्याला राखूनही ठेवलं नव्हतं आणि ब्राउन्सनीही उचललं नाही. सीझनच्या आधी मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला म्हणून वॉर्नर मैदानात, आणि त्या सीझनमध्ये ४१ टचडाऊन पास (ज्यावर थेट स्कोअर होतो असे थ्रो), लीगचा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, जानेवारी २००० मध्ये टेनेसी टायटन्सविरुद्ध २३-१६ ने सुपर बोल म्हणजे एनएफएलची फायनल, त्यात ४१४ यार्ड आणि तिथलाही एमव्हीपी. २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम. हा सगळा प्रवास सांगताना लोक नेहमी किराणा दुकानावरून थेट सुपर बोलवर उडी मारतात आणि मधली तीन वर्षं एका वाक्यात उरकतात, ते मला पटत नाही. छोट्या मैदानात डिफेन्स क्षणात अंगावर येतो, बॉल हातात ठेवून विचार करत बसायला वेळच नसतो, रिसीव्हर (पास पकडणारा) वळायच्या आत थ्रो सुटलेला लागतो. रॅम्सकडे तो ज्या झटपट आणि नेमक्या थ्रोसाठी गाजला त्याची सवय द बार्नमध्येच लागली, आणि एरीना फुटबॉलचा आपल्याला उपयोग झाला हे त्यानं स्वतःही सांगितलेलं आहे.

वॉर्नरनंतर टीम पडली असं नाही. क्वार्टरबॅक म्हणून ॲरन गार्सिया आला, जो पुढे एरीना फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त टचडाऊन पास मारणारा ठरला, १३०० च्या वर. पण तोवर लीगची हवा बदलली होती, मोठी शहरं आणि टीव्ही यांच्या मागे लीग लागली होती, डे मॉइनसारखं गाव त्या हिशोबात छोटं पडलं. २००० च्या सीझननंतर टीम विकली गेली आणि २००१ पासून लाँग आयलंडवरच्या नासाऊ कलिझियममध्ये न्यूयॉर्क ड्रॅगन्स या नावानं खेळायला लागली, मालक चार्ल्स वांग, आयलँडर्स या हॉकी टीमचेही मालक. गंमत बघा, एवढ्या मोठ्या बाजारात जाऊनही ड्रॅगन्स २००८ च्या पुढे टिकली नाही, कारण २००९ चा सीझनच लीगनं रद्द केला आणि जुनी लीग दिवाळखोरीत गेली.

इकडे डे मॉइनला २००१ मध्ये एएफटू या दुय्यम लीगची टीम त्याच नावानं खेळली, एकच सीझन, मग बंद. २००५ मध्ये जुन्या ऑडिटोरियमच्या शेजारीच वेल्स फार्गो एरीना बांधून झालं, आणि २००८ मध्ये बार्नस्टॉर्मर्स तिथे परत आले, पुन्हा एएफटूमध्ये. २०१० ला एरीना फुटबॉल लीग नव्या रूपात सुरू झाली तिच्यात गेले, पाच सीझन खेळले, पण लांबलांबचे विमानप्रवास असलेली ती लीग आणि मधल्या अमेरिकेतलं हे गाव यांचं गणित काही खास जुळलं नाही. २०१५ पासून इनडोअर फुटबॉल लीग. इथे गोलपोस्टच्या बाजूच्या जाळ्या नाहीत, दिखावा कमी, पण त्या वेळी सीडर रॅपिड्स, सू फॉल्स, ग्रीन बे अशा बसनं जाता येईल अशा गावांच्या टीम होत्या.

विजेतेपदही इथेच मिळालं. २०१८ च्या युनायटेड बोलमध्ये, म्हणजे या लीगच्या फायनलमध्ये, समोर सू फॉल्स स्टॉर्म, २०११ ते २०१६ सलग सहा वर्षं लीग जिंकलेली टीम, आणि बार्नस्टॉर्मर्स जिंकले ६९-६८. एका पॉइंटनं. म्हणजे वॉर्नरला घरच्या मैदानात जे जमलं नाही ते हॉल ऑफ फेमच्या जवळपासही न गेलेल्या पोरांनी करून दाखवलं. पुढच्याच वर्षी, २०१९ ला, एरीना फुटबॉल लीग पुन्हा बंद पडली. २०२० चा सीझन कोरोनामुळे सगळ्यांचाच गेला, त्यानंतर बार्नस्टॉर्मर्स परत मैदानात आले. द बार्नचं आता कन्व्हेन्शन सेंटर झालंय.