गेम नेमका कुठल्या डिपार्टमेंटचा?

युनिव्हर्सिटीतल्या कम्प्युटरवर गेम सुरुवातीपासूनच होते. १९५२ मध्ये केंब्रिजच्या एका विद्यार्थ्याने फुल्ली-गोळा बनवला, तोही डॉक्टरेटच्या थीसिससाठी. खेळ म्हणजे काय यावर विचार करणारे मात्र वेगळ्याच बिल्डिंगमध्ये बसायचे, १९३८ मध्येच एका डच इतिहासकाराने संस्कृतीच्या मुळाशी खेळ आहे असं मांडलं होतं. या दोन टोकांची नीट गाठ पडायला नव्वदचं दशक संपत आलं.

२००१ हे वर्ष महत्त्वाचं. मार्चमध्ये कोपनहेगनला कम्प्युटर गेमवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि जुलैमध्ये या विषयाचं ऑनलाइन जर्नल निघालं. पहिल्याच संपादकीयात हे आमचं वर्ष पहिलं असं जाहीर केलं आणि सोबत इशाराही दिला, की गेम म्हणजे सिनेमाचा किंवा साहित्याचा प्रकार नाही, त्या विभागांनी यावर कब्जा करायला येऊ नये, आम्हाला स्वतंत्र विषय हवा.

इथेच वाद पेटला, गेमकडे खेळ म्हणून, त्याच्या नियमांकडे बघायचं की गोष्ट म्हणून? पहिल्या बाजूचा शब्द होता लुडॉलॉजी, म्हणजे खेळाचं शास्त्र, लॅटिन लुडस म्हणजे खेळ त्यावरून, आणि १९९९ मध्ये उरुग्वेच्या एका अभ्यासकाच्या लेखामुळे तो गेमवाल्यांच्या तोंडी बसला. समोर नॅरॅटॉलॉजी, म्हणजे कथेचं शास्त्र. उदाहरण टेट्रिसचं घ्या. १९९७ मध्ये एका अमेरिकन प्राध्यापिकेने लिहिलं की टेट्रिस म्हणजे नव्वदीतल्या अमेरिकन माणसाच्या कामाने गच्च भरलेल्या आयुष्याचं चित्र. त्यावर एक फिनिश अभ्यासक त्या नव्या जर्नलच्या पहिल्याच अंकात तुटून पडला, की बाई, पडणारे ठोकळे कसे वळवतात, रांग कशी भरते हे बघा ना, नसलेली गोष्ट कशाला शोधताय! (टेट्रिस जन्माला आलं १९८४ च्या मॉस्कोत, नव्वदीतल्या अमेरिकेत नाही, हे इथे विसरून चालत नाही.) मला स्वतःला फिनिश माणसाचं पटतं, पण त्या प्राध्यापिकेमुळेच टेट्रिसबद्दल एवढ्या गंभीरपणे बोललं जाऊ लागलं हेही खरंच. आणि २००३ मध्ये उट्रेक्टच्या परिषदेत त्याच उरुग्वेच्या अभ्यासकाने सांगितलं की हा वाद मुळात झालाच नाही, आम्हा लुडॉलॉजीवाल्यांनाही गोष्टी आवडतात.

खेळ या शब्दाचा गुंता इंग्रजीत सुटतो कारण तिथे प्ले आणि गेम वेगळे, डॅनिशमध्येही लेग आणि स्पिल वेगळे. आपण भातुकलीलाही खेळ म्हणतो आणि बुद्धिबळालाही, पण बुद्धिबळाचा डाव जिंकता येतो, भातुकली कोण जिंकणार? डाव हा शब्द आपल्याकडे तयार आहे, मराठीत यावर लिहिणाऱ्यांनी तो वापरायला हवा असं मला फार वाटतं.

स्वतंत्र विषयाचा आग्रह बरोबर होता की चूक, यावर अजून एकमत नाही. पण विभागांमधल्या भिंती पाडल्या त्या वर्कशॉपनी. २००६ मध्ये कोपनहेगनला गेम जॅम, म्हणजे एकत्र बसून झटपट गेम बनवायचा मेळावा, सुरू झाला, २००९ मध्ये तीच कल्पना जगभर गेली, पहिल्याच वर्षी २३ देशांत ५३ ठिकाणी. ४८ तासांत गेम उभा करायचा म्हटल्यावर कोडिंगवाला, चित्रवाला, आवाजवाला एकाच टेबलावर येतात आणि लुडॉलॉजी की नॅरॅटॉलॉजी विचारायला कुणाला वेळच नसतो. सिएटलमध्ये तर बायोकेमिस्ट आणि कम्प्युटरवाल्यांनी मिळून २००८ मध्ये प्रोटीनच्या घड्या जुळवायचा गेमच काढला, आणि माकडांमध्ये एड्ससारखा रोग करणाऱ्या विषाणूच्या ज्या एन्झाइमची (तेही एक प्रोटीनच) रचना दहाहून जास्त वर्षं सुटत नव्हती, ती खेळणाऱ्यांनी तीनेक आठवड्यांत सोडवली, २०११ मध्ये पेपर आला त्यात खेळाडूंचे गटही लेखक होते.

आपल्याकडची अडचण वेगळी. १८८७ च्या मुंबईच्या जुगारबंदी कायद्यात गेमिंग म्हणजे जुगारच, त्यामुळे हा शब्द आधीपासूनच बदनाम. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे म्हटलं आणि मग पुढची अनेक वर्षं चर्चा कौशल्य की नशीब याच्यातच अडकली. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने तो प्रश्न बाजूला ठेवून ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे गेम असे तीन खण केले, तिसऱ्यावर बंदी. प्रोटीन जुळवायचा गेम यातल्या कुठल्या खणात जाणार? सोशल गेमची व्याख्या करमणूक आणि कौशल्यवाढीपुरतीच आहे, रिसर्चसाठी बनवलेल्या गेमचं नाव त्यात नाही.